खोल पाण्यातल्या गळाचा वेग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चिनूक सॅमन हा अमेरिकेतल्या मिशिगन सरोवराचा मूळ रहिवासी नव्हे. मिशिगन राज्याने १९६७ मध्ये तो तिथे सोडला. उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की हा मासा खालच्या गार थरात उतरतो. त्याच्यापर्यंत आमिष नेण्यासाठी डाउनरिगर वापरतात. बोटीच्या कडेला एक रीळ, रिळावरून सोडलेली तार आणि तारेच्या टोकाला साडेचार-पाच किलोचा गोळा. गळाची दोरी गोळ्याजवळच्या चिमट्यात अडकवून बोट सावकाश हाकायची. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते.

धातूची चमच्यासारखी आमिषं साधारण ताशी २ ते ३ मैल वेगाला चांगली डोलतात. अर्ध्या मैलाच्या फरकानेही त्यांची चाल बदलते. म्हणून वेगाचा आकडा अचूक हवा, आणि तो कुठला आहे हेही माहीत हवं.

गैरसमज : जीपीएसवर दिसतो तोच आमिषाचा वेग.
वस्तुस्थिती : जीपीएस बोटीचा जमिनीच्या संदर्भातला वेग सांगतो. आमिष डोलतं ते भोवतालच्या पाण्यामुळे, आणि ते पाणी स्वतःच वाहत असतं. समजा, जीपीएसवर २.५ मैल दिसताहेत आणि खोलवरचा प्रवाह समोरून ०.५ मैलाने येतोय. आमिषाला ३ मैलांचं पाणी लागतं. बोट उलट वळवून जीपीएस पुन्हा २.५ वर आणा. आता आमिषाला मिळतात फक्त २ मैल. पडद्यावरचा आकडा तोच, पण आमिषाची चाल पार वेगळी. ‘जाताना मासे लागतात, येताना लागत नाहीत’ ही तक्रार अनेकदा इथूनच येते.

गैरसमज : सरोवरात कसले आलेत प्रवाह?
वस्तुस्थिती : भरती-ओहोटी नगण्य असली, तरी वारा पाणी ढकलतो आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे ते वळतं. मिशिगन सरोवराच्या अक्षांशावर उन्हाळ्यात, विशेषतः किनाऱ्यापासून दूर, प्रवाहाची दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत सुमारे १७ तासांत फेरी पूर्ण करते. वरचं उबदार पाणी आणि खालचं गार पाणी यांच्या सीमेच्या दोन बाजूंना प्रवाह अनेकदा परस्परविरुद्ध असतात. सकाळी जुळलेला वेग दुपारी बिनसतो, तो यामुळे.

गैरसमज : बोटीच्या तळाला पॅडलव्हील बसवलं की प्रश्न मिटला.
वस्तुस्थिती : पाण्याने फिरणारं हे छोटं चाक वरच्या थरातला पाण्याचा वेग मोजतं. तीस मीटर खालच्या थराबद्दल ते काही सांगू शकत नाही. शिवाय त्यात शेवाळ अडकतं आणि अगदी कमी वेगाला ते चुकतं. ते तपासायचं तर एकाच मार्गावर जाऊन-येऊन दोन्ही आकड्यांची सरासरी जीपीएसच्या सरासरीशी ताडून पाहावी. खोलीवरचा वेग हवा असेल, तर गोळ्याजवळ बसवायचा संवेदक घ्यावा. तो तिथला वेग आणि तापमान दोन्ही बोटीवर कळवतो.

गैरसमज : तीस मीटर तार सोडली म्हणजे गोळा तीस मीटर खोल.
वस्तुस्थिती : पाण्याच्या रेट्याने गोळा मागे जातो आणि तार तिरपी होते. तार सरळ धरली आणि ती उभ्या रेषेपासून ३० अंश कलली, तर खोली सुमारे २६ मीटरच भरते. हाच कल वेगाचीही खूण देतो, कारण वेग वाढला की रेटा त्याच्या वर्गाच्या पटीत वाढतो. संवेदक नसेल, तर मासा लागला तेव्हाचा कल लक्षात ठेवा. वळल्यावर गोळा आणि तारेची लांबी तीच ठेवून बोटीचा वेग असा बदला की तोच कल पुन्हा येईल. मात्र तारेवर वरपासून खालपर्यंतच्या सगळ्या पाण्याचा रेटा असतो, त्यामुळे हा अंदाजच राहतो.

गैरसमज : सॅमनसाठी एकच ठरलेला वेग असतो.
वस्तुस्थिती : आमिषाची घडण, पाण्याचं तापमान आणि माशाचा कल यांवर वेग बदलतो. तो शोधायचा सोपा मार्ग म्हणजे वळण. वळताना आतल्या बाजूची आमिषं मंदावतात, बाहेरची वेग घेतात. आतल्या बाजूला वारंवार मासा लागला तर वेग थोडा कमी करून पाहावा, बाहेरच्या बाजूला लागला तर वाढवावा.

मासा लागला की गोळ्याजवळचा वेग, खोली, तापमान आणि बोटीची दिशा टिपून ठेवा. दिशा बदलली की गोळ्याजवळचा वेग तोच राखा आणि जीपीएसचा आकडा खुशाल बदलू द्या. हे जमलं की रिकाम्या फेरीचा दोष नशिबाला द्यावा लागत नाही, आणि सरोवराच्या पोटातलं पाणी कुठे निघालंय हेही कळू लागतं.