परजीवी संसर्गामुळे कंकालस्नायूंची होणारी हानी : उंदीर व म्हैस

प्रस्तावना
‘परजीवी स्नायू खाऊन टाकतो’ असे उत्तर विद्यार्थी सर्रास लिहितात. वस्तुतः काही हानी परजीवी स्वतः घडवितो, तर काही यजमानाच्या शरीरातील दाहामुळे होते. हा फरक स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रयोगशाळेतील उंदीर
१८३५ मध्ये लंडन येथे जेम्स पॅजेट या वैद्यकीय विद्यार्थ्यास शवविच्छेदन करताना मानवी स्नायूत सूक्ष्म कृमी आढळले. तेच ट्रायकिनेला स्पायरॅलिस. उंदराला अळीयुक्त मांस खाऊ घातल्यास कृमी लहान आतड्यात प्रौढ होतात. सुमारे पाचव्या-सहाव्या दिवसापासून माद्या अळ्यांना जन्म देतात. सुमारे ०.१ मि.मी. लांबीच्या या अळ्या रक्तावाटे मध्यपटल, जीभ व जबड्याच्या स्नायूंत पोहोचतात आणि स्नायुतंतूत शिरतात.

तंतू मरत नाही. त्याचे रूप पालटते. ॲक्टिन-मायोसिनची रचना मोडून आडव्या रेषा नाहीशा होतात. केंद्रके फुगून मध्यभागी सरकतात. भोवती कोलॅजनचे आवरण व केशवाहिन्यांचे जाळे तयार होते. सुमारे तीन आठवड्यांत स्नायुतंतूची ‘दाई पेशी’ बनते आणि अळी १ मि.मी.पर्यंत वाढते. आकुंचन पावणारा तंतू आता केवळ अळीचे पोषण करतो. आसपास मात्र इओसिनोफिल व इतर पांढऱ्या पेशी जमून शेजारच्या तंतूंना इजा होते. रक्तात क्रिएटिन कायनेज वाढते, ते या इजेमुळे.

म्हशीची अन्ननलिका
सार्कोसिस्टिस फ्युजिफॉर्मिस या एकपेशीय परजीवीच्या तांदळाच्या दाण्यासारख्या पांढऱ्या पुटी म्हशीच्या अन्ननलिकेच्या स्नायूत नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पुटी अखंड असेपर्यंत भोवती दाह अल्प असतो. ती फुटली की तो वाढतो.

अध्यापनासाठी
विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील विच्छेदन थांबविण्याचे निर्देश दिले. त्यामुळे खासबागसारख्या भागातील महाविद्यालयाने उंदराच्या स्नायूच्या तयार काचपट्ट्या वापराव्यात. पशुवैद्यकाने तपासलेल्या म्हशीची अन्ननलिका फॉर्मॅलिनमध्ये ठेवल्यास दुसरा नमुनाही मिळतो. विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारावेत : आडव्या रेषा टिकल्या आहेत का? केंद्रके कोठे आहेत? पांढऱ्या पेशी कोणत्या बाजूस जमल्या आहेत?

एक दक्षता आवश्यक आहे. या सार्कोसिस्टिसचा अंतिम यजमान मांजर आहे. पुटी असलेले कच्चे मांस मांजराने खाल्ले, तर त्याच्या विष्ठेतून चारा-पाणी दूषित होऊन चक्र पुन्हा सुरू होते. म्हणून उरलेले कच्चे तुकडे उघड्यावर न टाकता खोल पुरावेत.