सातपुड्याच्या पायथ्याशी उन्हाळा कामाला लागतो

कॅलेंडरावर वसंत उजाडतो तेव्हा तळोद्याच्या जंगलात पानं गळत असतात. धडगावचा रस्ता चांदसैली घाट चढू लागला, की दोन्ही अंगांना उघडाबोडका साग. पाहुणा म्हणतो, जंगल वाळलं. पण जंगलाचा खरा हंगाम इथूनच सुरू होतो.

पानांवाटे पाणी उडत राहतं. ती टाकली की मुळांनी ओढलेलं पाणी खोडात साठतं आणि कळ्यांच्या, पालवीच्या कामी येतं. पानगळ बघणाऱ्याच्याही पथ्यावर पडते. रानपिंगळा हे दिवसा वावरणारं छोटं घुबड. 1884 नंतर त्याची खात्रीची नोंदच नव्हती. नोव्हेंबर 1997 मध्ये पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते शेजारच्या शहाद्याजवळ सापडलं, पुढे तळोद्याच्या जंगलातही. हिवाळी सकाळी उन्हाला बसलेला रानपिंगळा निष्पर्ण फांदीवर चटकन दिसतो.

पळसाचं कौतुक फार होतं. फोटोत तो छान येतो ना! ऋतू ओळखावा तो मोहावरून. मार्च-एप्रिलमध्ये मोह रात्री फुलतो, वटवाघळं येतात आणि पहाटे गोड, मांसल फुलांचा सडा पडू लागतो. भिल्ल, पावरा कुटुंबं टोपल्या घेऊन उजाडायच्या आत झाडाखाली हजर असतात, कारण गुरं, हरणं, मुंग्या यांनाही तो वास कळतो. वाळल्यावर पिवळट फूल तपकिरी होतं, मग घरी साठवतात किंवा बाजारात नेतात. फुलं नीट दिसावीत म्हणून खालचा पाचोळा जाळतात. तीच आग कधी रानभर पसरते. नुसते बंदीचे फलक लावून हे थांबणार नाही. झाडाखाली जाळी बांधली तर पाचोळा जाळायची गरजच उरत नाही.

बहर सरताना मोहाला तांबूस पालवी फुटते, तीही भर उन्हात, पावसाचा थेंब नसताना. मोसमी प्रदेशातली कित्येक झाडं असं करतात. लांबत जाणारा दिवस त्यांना इशारा देतो, खोल मातीतली ओल पाणी पुरवते. पाऊस येतो तेव्हा पानं तयार असतात, अन्न बनवायला पहिल्या सरीपासून सुरुवात.

जूनच्या सुमारास मोहाच्या बिया गोळा होतात, त्यांचं तेल निघतं. सागाला फुलोरा येतो तो मात्र ऐन पावसात. तेव्हा सगळे शेतात वाकलेले. मान वर करून तो बघायला सवड कुणाला?