गिटारवर कोण आहे?

'अलबेला'मधलं 'शोला जो भडके' मोबाईलवर लावा. इयरफोन घालूनच ऐका, फोनच्या स्पीकरवर त्यातलं निम्मं हरवतं. १९५१ चा सिनेमा. गाण्यात गीता बाली आणि भगवानदादा नाचतायत, आणि या सिनेमात जो बँड दिसतो तो खराखुरा आहे, चिक चॉकलेटचा. हा माणूस मूळचा गोव्यातल्या हळदोण्याचा, खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ. ट्रम्पेट असा वाजवायचा की लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे.

चिकचं नाव तरी आपल्यापर्यंत पोचलं. त्या काळातल्या गिटारवाल्यांची नावं सांगा बरं! रेकॉर्डवर सिनेमाचं नाव, गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव असायचं. वाजवणाऱ्यांच्या नावाला तिथे जागाच नव्हती. अशा वाजवणाऱ्याला सेशन म्युझिशियन म्हणतात. बोलावलं की जायचं, समोर ठेवलेलं वाजवायचं, पैसे घ्यायचे आणि पुढच्या स्टुडिओकडे पळायचं.

स्विंगमध्ये तर गिटारवाल्याचं काम मुळातच लपून राहायचं असतं. एका मात्रेला एक असे चार ठोके, चारही खालच्या दिशेने. डावा हात लगेच सैल करून कॉर्ड दाबून टाकायची, म्हणजे सूर लांबत नाही, नुसता 'छक्' उरतो. अमेरिकेत काउंट बेसीच्या बँडमध्ये फ्रेडी ग्रीन १९३७ पासून १९८७ पर्यंत हेच करत बसला. पन्नास वर्षं, जवळपास सोलो न घेता आणि अँप्लिफायरविना. आपल्याकडे गिटार घेतली की पहिल्या आठवड्यात सोलो शिकायची घाई असते, त्यामुळे हे वाचून जरा ओशाळायला होतं.

मुंबईत हे सगळं आणणारा मुख्य माणूस आपला मराठी होता. सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. जन्म पुणतांब्याचा, पण शास्त्रीय गाणं शिकले ते नागपुरात, शंकरराव सप्रे यांच्याकडे. म्हणजे वऱ्हाडातल्या आपल्यासारख्यांना थोडी कॉलर ताठ करायला हरकत नाही. 'शहनाई'तलं (१९४७) 'आना मेरी जान संडे के संडे' त्यांचं आणि 'आशा'तलं (१९५७) 'ईना मीना डीका'ही त्यांचंच. तेव्हा रॉक अँड रोल अमेरिकेतही नवाच होता. १९५४ मध्ये मेम्फिसच्या सन स्टुडिओत एल्व्हिस प्रेस्ली, गिटारवर स्कॉटी मूर आणि बासवर बिल ब्लॅक अशा तिघांनी ड्रमशिवाय जे वाजवलं, ते रॉकबिली. गावाकडची कंट्री गाणी आणि कृष्णवर्णीयांचं ऱ्हिदम अँड ब्लूज यांचं मिश्रण. तीन वर्षांत त्याच वाऱ्याची झुळूक मुंबईच्या स्टुडिओत!

गोव्याची पोरं तिथे हवीच होती, कारण त्यांना नोटेशन वाचता यायचं. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना व्हायोलिन आणि स्टाफ नोटेशन शिकवायचे. संगीतकार चाल गुणगुणायचा, गोवेकर अरेंजर ती कागदावर मांडायचा आणि मग सगळा ऑर्केस्ट्रा वाजवायचा. गायक आणि वादक एकत्र, एकाच टेकमध्ये. चाळीसाव्या माणसाने चूक केली की सगळ्यांना पहिल्यापासून. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे याच पिढीचे. त्यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं, आणि 'अमर अकबर अँथनी'तलं ते प्रसिद्ध नाव म्हणजे शिष्याने गुरूला केलेला सलाम.

करिअर म्हणून हे कसं होतं? खरं सांगायचं तर रोजंदारीचं. शिफ्टवर पैसे, वाजवणाऱ्याच्या दर्जाप्रमाणे दर. गाणं पुढे पन्नास वर्षं वाजो की पन्नास दिवस, तुमचा हिशोब त्याच दिवशी संपला.

याचं सगळ्यात कडू उदाहरण अमेरिकेतलं आहे. बिल हेलीचं 'रॉक अराउंड द क्लॉक' १२ एप्रिल १९५४ ला रेकॉर्ड झालं. मधला तो विजेसारखा सोलो डॅनी सेड्रोनचा. दोन वर्षांपूर्वी हेलीच्याच दुसऱ्या गाण्यात त्याने तो वाजवला होता, तोच इथे पुन्हा वापरला. त्याला त्या दिवसाचे २१ डॉलर मिळाले असं सांगतात. जूनमध्ये जिन्यावरून पडून तो गेला. गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर पोचलं १९५५ च्या जुलैत. रॉक अँड रोलमधला सगळ्यात गाजलेला सोलो, आणि वाजवणाऱ्याला पत्ताच नाही.

आपल्याकडे पुढच्या पिढीतली काही नावं निदान जाणकारांना माहीत झाली. 'दम मारो दम'ची गिटार भूपिंदर सिंग यांची, तेच गझल गाणारे. 'कर्ज'मधली (१९८०) ती धून, जी ऐकली की अख्ख्या हॉलला पुनर्जन्म आठवतो, ती गोरख शर्मांनी वाजवली. ते प्यारेलालचे भाऊ. पडद्यावर गिटार ऋषी कपूरच्या हातात आहे, म्हणून आपण पोस्टर त्याचं लावलं. मग कीबोर्ड आणि कॉम्प्युटर आले, प्रत्येक जण वेगवेगळा येऊन वाजवू लागला आणि मोठे ऑर्केस्ट्रा मोडले.

आता मुद्द्याचं. आपल्या वाशीम, रिसोड, कारंजाकडे गणपतीत आणि लग्नात गिटार घेऊन उभी राहणारी पोरं कमी नाहीत. मुंबईला न जाताही आज सेशनचं काम मिळू शकतं. ऑडिओ इंटरफेस, बरे हेडफोन आणि लॅपटॉप असला की मालेगावच्या खोलीत बसून ट्रॅक वाजवायचा आणि पाठवून द्यायचा. लाईट गेली तर पुन्हा टेक, एवढंच. त्यासाठी मेट्रोनोमच्या क्लिकवर पक्कं वाजवता आलं पाहिजे आणि कॉर्डचा कागद बघून पहिल्या-दुसऱ्या टेकला जमलं पाहिजे. सोलो त्यानंतर.

आणि नावाचं बघा. कॉपीराइट कायद्यात वादकही 'परफॉर्मर' धरला जातो आणि २०१२ च्या दुरुस्तीने परफॉर्मरला व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क दिला. पण त्याच दुरुस्तीत एक मेख आहे. सिनेमात ज्याचं काम किरकोळ स्वरूपाचं आहे आणि इंडस्ट्रीच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीतही येत नाही, त्याला बहुतेक बाबतींत परफॉर्मर मानायचं नाही. म्हणजे पडद्यावरचं नाव हा नुसता मानाचा प्रश्न राहिला नाही, पैशाचाही झाला. त्यामुळे ओळखीतला दादा 'शॉर्टफिल्मसाठी जरा दोन मिनिटं वाजवून दे' म्हणाला, की आधी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारून घ्या, गिटारसमोर कुणाचं नाव टाकणार? उत्तर आलं की स्क्रीनशॉट काढा, मग तार जुळवा.