जुन्या पोलादाचा चिवटपणा
अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातली यांकी रो ही अणुभट्टी 1 ऑक्टोबर 1991 रोजी थांबवली गेली आणि पुढच्या फेब्रुवारीत ती कायमची बंद करायचे ठरले. तिच्या दाबपात्राला तडा गेलेला नव्हता की गळती लागलेली नव्हती. 1960 पासून तापत आलेल्या त्या पोलादात तडा रोखण्याची ताकद किती उरली आहे, हे मात्र खात्रीने कुणालाच सांगता येईना. पात्रात ठेवलेले नमुने तपासण्याचा क्रम सुरुवातीच्या काही वर्षांतच खंडित झाला होता आणि वेल्डिंगच्या जोडांत तांबे किती, याची नोंद नव्हती. वीज महाग पडत होती, हेही कारण होतेच. पण मूळ दुखणे अज्ञानाचे होते. जुन्या दाबपात्राचे उरलेले आयुष्य ठरवायचे, तर त्याच्याच पोलादाच्या तुकड्यात खरी भेग पाडून त्याचा चिवटपणा मोजला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. आडवळणाने काढलेला अंदाज त्याची जागा घेऊ शकत नाही.

दाबाखालच्या पाण्यावर चालणाऱ्या अणुभट्टीचे पात्र साधारण 20 सेंटिमीटर जाडीचे असते आणि आतले पाणी 300 अंश सेल्सिअसच्या आसपास, 150 पट वातावरणदाबाखाली असते. गाभ्यातून सुटणारे न्यूट्रॉन भिंतीच्या पोलादातले अणू जागेवरून हलवतात. तांब्याचा अंश असेल, तर त्याचे अतिसूक्ष्म पुंजके तयार होतात. निकेल त्यात भर घालते. पोलाद कडक होते आणि ज्या तापमानाखाली ते ठिसूळ वागते ते तापमान वर सरकते. एरवी भिंत गरम असल्याने हे जाणवत नाही. संकट येते ते गरम भिंतीवर अचानक थंड पाणी आले आणि आतला दाब मात्र तसाच राहिला तर. 20 मार्च 1978 रोजी कॅलिफोर्नियातल्या रँचो सेको केंद्रात नियंत्रणफलकावरचा छोटा दिवा बदलताना तो आत पडला, शॉर्टसर्किट झाले, मापकयंत्रांचा वीजपुरवठा गेला आणि तासाभरात पाण्याचे तापमान दीडशेहून अधिक अंशांनी उतरले. पात्र नवे होते, म्हणून निभावले.

आजवर पोलादाची तडा रोखण्याची ताकद बहुतेक ठिकाणी जोखली गेली ती शार्पी चाचणीने. जॉर्ज शार्पी या फ्रेंच अभियंत्याने 1901 मध्ये मांडलेली ही पद्धत सोपी आहे: 10 मिलिमीटर चौरस आणि 55 मिलिमीटर लांब तुकडा, मधोमध 2 मिलिमीटरची खाच, वरून झुलत येणारा हातोडा, आणि तुकडा मोडताना खर्ची पडलेली ऊर्जा. किरणोत्सर्गानंतर 41 जूल ऊर्जा लागण्याचे तापमान किती वर सरकले ते पाहायचे आणि चिवटपणाचा आलेखही तेवढाच सरकला असे धरून चालायचे. हे ‘धरून चालणे’च मला खटकते. बोथट खाच म्हणजे भेग नव्हे, आणि हातोड्याचा घाव म्हणजे भिंतीत साचत जाणारा ताण नव्हे.

प्रत्यक्ष चाचणी वेगळी असते. तुकड्यावर हजारो वेळा हलका भार चढवून-उतरवून खाचेच्या टोकापासून खरी, सुईच्या टोकाहून बारीक भेग वाढवली जाते. मग ठरावीक तापमानाला तो सावकाश ओढतात; भेगेच्या तोंडावर लावलेले मापक तिचे उघडणे टिपत राहते आणि एका क्षणी तुकडा तटकन तुटतो. तुटलेल्या पृष्ठभागावर मूळ भेगेची लांबी नऊ ठिकाणी मोजतात. किरणोत्सर्गी तुकड्यांसाठी हे सारे जाड भिंतीच्या कोठडीत, यांत्रिक हातांनी करावे लागते. त्यातही एकाच पोलादाचे शेजारशेजारचे तुकडे एकाच तापमानाला दुप्पट-तिप्पट फरकाचे आकडे देतात. फिनलंडच्या व्हीटीटी संस्थेतल्या किम वॉलिन यांनी हा विस्कळीतपणा नियमबद्ध आहे हे दाखवले: भेगेसमोरचा सर्वांत दुबळा बिंदू कुठे गाठला जातो, यावर सारे अवलंबून असते. त्यातून ‘मास्टर कर्व्ह’ आला आणि 1997 मध्ये त्याचे अमेरिकन मानकही झाले. आता मोजक्या तुकड्यांवरून एक संदर्भ-तापमान ठरते आणि त्यासोबत चुकीची शक्यताही सांगता येते.

यावर पहिला आक्षेप असा की जुनी पद्धत मुद्दाम सावध ठेवलेली आहे, मग बदलायची कशाला? पण सावधगिरीला माप नसेल तर ती दोन्ही बाजूंनी फसवते. चांगले पात्र मोडीत निघते आणि कमकुवत जोड नजरेआड राहतो. दुसरा आक्षेप नमुन्यांच्या टंचाईचा, आणि तो खरा आहे. चाळीस वर्षांपूर्वी ठेवलेले नमुने नव्याने निर्माण करता येत नाहीत. मात्र शार्पीच्या मोडलेल्या अर्ध्या तुकड्यातून 4 मिलिमीटर जाडीचे चारेक छोटे नमुने कापता येतात. लहान नमुना चिवटपणा फुगवून दाखवतो ही शंकाही रास्त आहे. म्हणून आकडे 25 मिलिमीटर जाडीला जुळवून घेतात, तापमानाची मर्यादा पाळतात आणि नमुने जास्त वापरतात. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: नमुने गाभ्याजवळ असल्याने भिंतीपेक्षा लवकर मार खातात, आणि लवकर खाल्लेल्या मारातून संथ माराचा परिणाम हुबेहूब कळेलच असे नाही. याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळणार नाही. ते खऱ्या भिंतीतच आहे.

म्हणूनच बंद पडलेल्या पात्रांचे पोलाद मोलाचे आहे. जर्मनीत ग्राइफ्सवाल्डच्या पात्रांतून गोल चकत्या कापल्या गेल्या. इलिनॉयमधल्या झायन केंद्राच्या भिंतीचे व जोडांचे तुकडे ओक रिज प्रयोगशाळेने तपासासाठी घेतले. आपल्याकडे 1969 पासून चालवल्या गेलेल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या उकळत्या पाण्याच्या आहेत. तिथे दाब निम्म्याहून कमी आणि भिंतीआधी पाण्याचा थर जाड, त्यामुळे धोका सौम्य. पण त्या कधीतरी उतरवल्या जातील, तेव्हा गाभ्यासमोरच्या पट्ट्यातले पोलाद आणि जोड कापून जपण्याची अट मोडणीच्या आराखड्यातच आधी लिहिलेली असावी. पात्र तुकडे होऊन पुरले गेले की ती मोजणी पुन्हा कधीच करता येत नाही.