दोन दिवस, पाच थांबे : ट्रिप आखायची कशी?

सबमिशन संपलं, व्हायवा झाली, की होस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये एकच विषय – ट्रिप! मेसच्या टेबलावर कोणीतरी जर्नलचं मागचं पान फाडतं आणि यादी सुरू होते. "जुन्नर साइडला जाऊ. शिवनेरी, नाणेघाट, माळशेज, लेण्याद्री, ओझर, भीमाशंकर, खोडदची दुर्बीण..." त्यात मी आमचं बोरी बुद्रुक घुसडते. झाले आठ थांबे. दिवस किती? दोन!

मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये, पण सुट्ट्या गेल्या बोरीला आजीकडे. त्यामुळे जुन्नर तालुक्यातले रस्ते पायाखालचे आहेत. दर सेमला कोणी ना कोणी "तिकडचा प्लॅन करून दे ना" म्हणतंच, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

आधी थोडं गणित. आठ ठिकाणं कोणत्या क्रमाने बघायची, याचे ४०,३२० प्रकार होतात. पाच ठिकाणांचे फक्त १२०. कॉम्प्युटरवाले लगेच म्हणतील, हा तर ट्रॅव्हलिंग सेल्समन प्रॉब्लेम! बरोबर आहे. पण त्या सेल्समनला एकही गाव वगळायची परवानगी नसते, आपल्याला असते. तेव्हा अल्गोरिदम नंतर, आधी यादीवर काट मारायची.

काट मारायला नकाशा समोर ठेवा. पुणे-नाशिक हायवेवर पुण्यापासून साधारण ७५ किलोमीटरवर नारायणगाव आहे. तिथून पूर्वेला खोडद आणि बोरी. पश्चिमेला साधारण १५ किलोमीटरवर जुन्नर, त्याला लागूनच शिवनेरी आणि जवळच लेण्याद्री. नारायणगावहून लेण्याद्रीकडे जाताना ओझर करता येतं. जुन्नरच्याही पलीकडे, पार सह्याद्रीच्या कड्यावर नाणेघाट. भीमाशंकरचा रस्ता मंचरहून घोडेगावमार्गे वेगळाच फुटतो, त्यावर काट. माळशेज कल्याण रस्त्यावर आहे. ज्यांचं घर कल्याण-ठाण्याकडे आहे त्यांनी तो सुट्टीला घरी जाताना बघावा. राहिली सहा.

आता जायचं कशाने? रेल्वे विसरा, जुन्नर तालुक्यात रेल्वेच नाही. पुणे-नाशिक रेल्वेची मूळ आखणी नारायणगाव भागातून जाणार होती, पण त्यामुळे खोडदच्या दुर्बिणीच्या कामात व्यत्यय येईल असा आक्षेप आला. २०२५ मध्ये रेल्वेने शिर्डीवरून जाणारा मार्ग पुढे आणला. म्हणजे आपल्यासाठी एसटी किंवा गाडी.

यातलं काय निवडायचं, याला इटलीचं उदाहरण छान आहे. चार-पाच दिवसांत रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस करणारे शहाणे लोक ट्रेनने फिरतात. रोम ते फ्लॉरेन्स फास्ट ट्रेनने दीड तास, पुढे व्हेनिसला दोन तासांहून थोडं जास्त, आणि स्टेशनं शहरातच. तिथे कार नेली तर उलट ताप. जुन्या शहरांच्या मध्यभागात परवान्याशिवाय गाडी नेता येत नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची चिठ्ठी मागाहून येते. पण टस्कनीतल्या डोंगरावरच्या खेड्यांत हिंडायचं तर कारच बरी. थोडक्यात, जे मोठ्या लाइनवर आहे तिथे सार्वजनिक वाहन, जे लाइन सोडून आत आहे तिथे स्वतःचं.

हाच नियम इकडे लावा. नुसतं जुन्नर, शिवनेरी, लेण्याद्री करायचं असेल तर एसटी झकास. बोरी आणि नाणेघाट धरले, तर चौघांत एक गाडी, नाहीतर नारायणगाव किंवा जुन्नरहून भाड्याची जीप. दोन दिवसांचं एकूण अंतर तीन-साडेतीनशे किलोमीटर धरा.

क्रम लावताना जे आपल्या हातात नाही ते आधी मांडायचं. खोडदच्या जीएमआरटीला आधी परवानगी काढावी लागते, त्यामुळे तो थांबा पक्का करा आणि बाकी सगळं त्याच्याभोवती बसवा. (२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन असतं, तेव्हा गर्दीही तशीच.) १९ फेब्रुवारीला शिवजयंती, म्हणजे शिवनेरीवर पाय ठेवायला जागा नसते. चतुर्थीला ओझर आणि लेण्याद्रीला रांगा. कालनिर्णय बघितल्याशिवाय तारीख ठरवू नका!

माझा प्लॅन असा. पहिल्या दिवशी पहाटे निघून थेट खोडद. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. १४ मध्यभागी, बाकीच्या १६ इंग्रजी वाय आकाराच्या तीन फाट्यांवर, सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. डिशचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही, तारेच्या जाळीचा आहे. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्च कमी. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या टीमची ही कल्पना मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी बघायलाच हवी. मोबाइल मात्र बंद ठेवायचा.

तिथून जवळच बोरी. इथे ना तिकीट ना बोर्डांची रांग, म्हणून लोक पुढे निघून जातात. कुकडीच्या काठच्या मातीत ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ही राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, हजारो किलोमीटर उडत आलेली. तिच्याजवळ आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली. राखेचं वय काही शास्त्रज्ञ ७५ हजार वर्षांच्या आसपास सांगतात, तर काही कित्येक लाख वर्षं. वाद अजून मिटलेला नाही, आणि तो मिटवायचा तर थर जागेवर राहायला हवा. म्हणून एक विनंती, तिथला दगड किंवा राख आठवण म्हणून उचलून आणू नका.

दुपारनंतर ओझर. मुक्काम तिथल्या भक्तनिवासात किंवा जुन्नरला. दुसऱ्या दिवशी उजाडताच शिवनेरी. चढ, सात दरवाजे, शिवजन्मस्थान आणि उतार, मिळून तीन तास. मग नाणेघाट. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी शिलालेख आहे. त्यात दानाच्या गाई-घोड्यांचे आकडे चक्क अंकात कोरलेत. आपल्या अंकांचे हे फार जुने पूर्वज! झाले पाच थांबे. लेण्याद्री सहावी, वेळ उरला तरच. तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, त्या घाईत चढून काही हाती लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डिझाइनमध्ये आपण फॅक्टर ऑफ सेफ्टी घेतो, तसा वेळेतही घ्या. प्रवासाचा जो वेळ निघेल त्याला दीडने गुणा. चाकणचं ट्रॅफिक आणि घाटघरकडचा अरुंद रस्ता किलोमीटरमध्ये दिसत नाहीत. गुणून आलेली बेरीज दिवसात मावत नसेल, तर वेग वाढवायचा नाही, थांबा कमी करायचा.

हे नुसतं सोयीसाठी सांगत नाही. होस्टेलचं गेट ठरावीक वेळेला बंद होतं. "अजून एक स्पॉट" करत अंधार पडला, की मग रात्री हायवेवर ट्रकच्या मधून बाइक पळवायची वेळ येते. शिवाय हा बिबट्यांचा तालुका आहे. उसाच्या कडेने अंधारात पायी भटकायचं नाही, असं आमच्याकडे लहान पोरांनाही बजावलेलं असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला नाणेघाट सोडायचाच, मग काहीही बघायचं राहिलेलं असो.

शिवनेरी कुठे पळून जात नाही, आणि पुढच्या सेमलाही सबमिशननंतर सुट्टी असणारच आहे. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, यादी भरपूर करा, पण निघायच्या आधी हातात लाल पेनसुद्धा घ्या!