आवडतं चायनीज सेंटर गिऱ्हाईक का गमावतं? सात रुपयांचा हिशोब



अंबरनाथ स्टेशनजवळ एक चायनीज सेंटर आहे. नाव घेत नाही. बदलापूरला घरी जाताना आम्ही मुद्दाम एक स्टेशन आधी उतरायचो, फक्त तिथल्या हाका नूडल्ससाठी. एक फुल प्लेट दोघांना पुरायची. कोबी करकरीत, मोठ्या आचेचा तो खमंग वास.

परवा पुन्हा गेलो. भाव वाढलेला, प्लेट छोटी, नूडल्सचा लगदा, खाली तेल साचलेलं. शेजवान चटणीचे वेगळे पैसे. मालक म्हणाले, "काय करणार साहेब, महागाई!"

महागाई खरीच आहे. तेल, चिकन, गॅस, सगळंच वाढतं. पण चूक कुठे झाली ते बघू.

हिशोब मांडूया

समजा, प्लेट १०० रुपयांची आणि कच्चा माल ३५ रुपयांचा. माल महागून ४२ झाला. म्हणजे प्लेटमागे ७ रुपये गेले. ते वाचवायला मालकाने माल हलका केला.

आता एक कुटुंब घ्या. आठवड्याला दोन प्लेट, म्हणजे वर्षाला १०४. त्या घरामागे वाचले ७२८ रुपये. पण तेच घर यायचं बंद झालं तर? चांगला माल वापरूनही प्लेटमागे ५८ रुपये उरत होते. १०४ प्लेटचे झाले ६,०३२. म्हणजे एक घर तुटलं की आठ घरांवरची बचत पाण्यात!

आणि ते घर भांडत नाही बरं का. गुपचूप उल्हासनगरला दुसरीकडे जातं.

मग करायचं काय?

१. भाव वाढवा, पण उघडपणे. ४२ रुपयांच्या मालावर १२० भाव लावला तर मालाचा खर्च पुन्हा ३५ टक्क्यांवर येतो. एकदम नको वाटत असेल तर आधी ११० करा.

२. भाव वाढवला त्या महिन्यात प्लेटला हात लावू नका. दोन्ही एकदम केलं की गिऱ्हाईकाला फसवल्यासारखं वाटतं.

३. बचत मेनूत करा. न खपणारे पदार्थ काढा, नासाडी कमी होईल.

४. नूडल्स वजन करूनच टाका. कारागीर बदलला तरी प्लेट बदलता कामा नये.

५. आठवड्यातून एकदा स्वतःच्या गल्ल्यावर पैसे देऊन स्वतः खा.

आज रात्री एवढंच करा: तुमच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या एका वस्तूचा कच्च्या मालाचा खर्च वहीत लिहा. अंदाजाने नाही, बिलं समोर घेऊन. धंदा तिथूनच सुधारायला लागतो.