शिराडी घाटाची न लिहिलेली नोंदवही

बेंगळुरूच्या यशवंतपूर बाजार समितीत महाराष्ट्राचा कांदा उतरतो. मंगळूरचा माल घेऊन आलेले ट्रकही याच परिसरात विसावतात. मंगळूरच्या वाटेवर उमेद घालवलेल्या वयस्कर चालकांपुढे शिराडी घाटाचे नाव काढले, की ते बहुधा तापलेल्या ब्रेकच्या वासापासून सुरुवात करतात. ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचे, हा त्यांचा पहिला पाठ. चढणीवर गाडी थबकली तर क्लीनरने उडी टाकून चाकामागे दगड लावायचा. त्या पोराच्या चपळाईवर सारा माल आणि दोन जीव अवलंबून असत.

सकलेशपूर सुमारे 900 मीटर उंचीवर आहे. तेथून सुमारे 26 किलोमीटरांच्या वळणांत रस्ता जवळजवळ किनारपट्टीच्या पातळीला येतो. भूगोल अवघड आहेच. परंतु हा घाट चालकांच्या आठवणीत इतका भयंकर का झाला, याचे उत्तर बरेचसे सरकारी निर्णयांच्या क्रमात सापडते. 1979 मध्ये हसन-मंगळूर मीटरगेज लोहमार्ग सुरू झाला. रुंदीकरणासाठी तो 1996 मध्ये बंद झाला आणि मालगाड्या पुन्हा धावू लागल्या त्या 2006 मध्ये. नेमक्या याच काळात बळ्ळारीच्या लोहखनिजाला परदेशी मागणी आली. ते खनिज ट्रकांनी घाट उतरून नव मंगळूर बंदराकडे जाऊ लागले आणि रस्त्याची चाळण झाली. एका खात्याने काम लांबवले, त्याचे ओझे दुसऱ्या खात्याच्या डांबरावर पडले. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही, खंत मात्र वाटते.

चांगले निर्णयही झाले. 2003 मध्ये मंगळूर-हसन-बेंगळुरू तेलवाहिनी सुरू झाली आणि पेट्रोल-डिझेलचा मोठा भार घाटावरून हलला. 2015 आणि 2018 मध्ये कित्येक महिने घाट बंद ठेवून काँक्रिटीकरण झाले. त्या काळातला लांबचा वळसा आणि बुडालेल्या खेपा चालक अजून मोजून सांगतात; पण खड्डे गेले, हेही मान्य करतात.

तरीही त्यांची भीती सरलेली नाही. पूर्वी ती दरीच्या बाजूला होती, आता डोंगराच्या बाजूला आहे. चौपदरीकरणासाठी सकलेशपूरजवळ डोंगर जवळजवळ उभा कापला गेला. जुलै 2024 मध्ये दोड्डतप्पले येथे दरडी कोसळून वाहतूक थांबली. त्याच महिन्यात लोहमार्गही दरडीमुळे बंद पडला. ब्रेक चालकाच्या पायाखाली असतो, निदान तपासता तरी येतो. वरून येणाऱ्या मातीपुढे तीस वर्षांचा अनुभवही निरुपयोगी ठरतो.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. पुणे-बेंगळुरू महामार्गावर खंबाटकीचा बोगदा झाला, पुण्याकडे येणाऱ्या गाड्यांची चढण वाचली. मात्र बोगद्यापुढचे इंग्रजी ‘एस’ आकाराचे वळण कुप्रसिद्ध झाले. एप्रिल 2018 मध्ये तेथे कर्नाटकातून येणाऱ्या डझनाहून अधिक मजुरांचा बळी गेला. ते वळण टाळण्यासाठी नव्या बोगद्यांचे काम हाती घ्यावे लागले.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे बोरघाट आठवतो. 1830 मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत तो गाड्यांसाठी खुला झाला, हे आपण जाणतो. त्या घाटात बैल कुठे अडत, हे सांगणाऱ्या गाडीवानाची साक्ष मला तरी कोणत्याही दप्तरात आढळली नाही. दोन शतकांनंतरही आपली रीत फारशी बदललेली नाही. अपघाताच्या पंचनाम्यात ‘चालकाचा निष्काळजीपणा’ हे शब्द सहज उमटतात. वळणाचा कोन, वाहून गेलेले गटार किंवा चालकाने सलग किती तास गाडी हाकली, यांसाठी तितकी शाई खर्च होत नाही. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. यशवंतपूरच्या चालकांपुढे ती वाचून दाखवली, तर ते हसतील.

शिराडीखालून बोगदे काढण्याचा प्रस्ताव अनेक वर्षे चर्चेत आहे. सल्लागार भूस्तर तपासतील, उपग्रहचित्रे पाहतील, तेही हवेच. पण आराखड्यावर सही होण्यापूर्वी एखाद्या अधिकाऱ्याने ट्रकच्या केबिनमध्ये बसून, भर आषाढात, रात्री हा घाट एकदा उतरावा. पाणी रस्त्यावर कुठे उतरते आणि कोणत्या वळणावर गाडी उभी करू नये, हे शेजारी बसलेला चालक न विचारताही सांगेल. ते लिहून घ्यायला एक वही सोबत असली म्हणजे झाले.